संपूर्ण नाव

कॅटफिश तळणाऱ्या दुकानाच्या अंगाला
व्हर्लीननं पत्त्यांचं टेबल मांडलंय.
एक पाय आखूड, त्याखाली चर्चच्या पत्रकांची घडी.
चार पेनं, चारही सुतळीनं बांधलेली,
कारण सही करून झाली की पेनंही लोकांसोबत घरी जातात.

मी क्लिपबोर्ड घेऊन गाड्यांमधून फिरते.
एकोणीस वर्षं त्या वॉर्डात रात्रपाळी केली,
आता तिथं जुन्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात,
आणि कळा सुरू झालेल्या बाईला ब्याण्णव मैल.
ब्याण्णव म्हणजे किती हे नकाशाला नका विचारू,
डेनीशाला विचारा:
पुलावर, पिकअपमध्ये, सोयाबीनच्या वासात
नवऱ्यानं बुटाची नाडी सोडून नाळ बांधली.
आणि जिला नकोच होतं, तिचे मैल वेगळे.
ते तिनं मनातल्या मनात मोजायचे,
मोठ्यानं मोजले तर कायदा ऐकतो.

एकजण म्हणाला, देवाच्या कामात लुडबुड नको.
सही नाही केली. पाण्याच्या दोन बाटल्या मात्र ठेवून गेला.

गुरुवार असूनही रविवारची हॅट घालून
मिस ओझेला आल्या.
अख्खं पान वाचलं, ओळीखाली बोट धरून,
ओठ हलवत. रांग चुळबुळली.
व्हर्लीन म्हणाली, मावशी, मी थोडक्यात सांगू का?
"थोडक्यातच सांगितलं होतं त्यांनी," ओझेला म्हणाल्या.
"सतरा वर्षांची होते. म्हणाले, अपेंडिक्स.
आईला अक्षर येत नव्हतं,
तिनं फुली मारली, दाखवली तिथं.
सव्विसाव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं
काय काय कापलं ते.
पोटातली गोष्ट पोटात ठेवावी म्हणतात, बाई.
पोटच रिकामं केलं
तर ठेवायची कुठं?"

मग सही केली.
ओझेला मॅग्नोलिया रूथ क्रंप.
रूथ आईचं नाव. ते लिहिताना
पेन चौकटीच्या बाहेर गेलं,
सुतळी ताणली, टेबल डुगडुगलं.

तीन आठवड्यांनी पेटी परत आली.
एकशे सहा सह्या बाद.
कुणाचा घरक्रमांक जुना, कुणाची तारीख उलटी,
आणि ओळ क्रमांक सतरा: नाव यादीशी जुळत नाही.
यादीत म्हणे नुसतं ओ. क्रंप.

सांगायला मी गेले. त्या ओसरीवर वाटाणे सोलत होत्या.
मी म्हटलं, नवा कागद आणलाय,
फक्त या वेळी जरा आखडतं लिहा, ओ. क्रंप,
चौकटीत.
मला माझीच लाज वाटली, पण म्हटलं.
मुदत शुक्रवारची होती.

त्यांनी वाटाण्यांचं भांडं माझ्या मांडीवर दिलं,
आत गेल्या,
हॅट घालूनच बाहेर आल्या.
"गाडी काढ."

कोर्टहाउसमध्ये काच, काचेला बोगदा, बोगद्याच्या पलीकडे
एक पोरगा, शर्टावर मोहरीचा डाग.
ओझेला खाली वाकल्या नाहीत,
त्यालाच उभं राहावं लागलं.
"तुमच्या यादीत माझं नाव अर्धं आहे.
आधी ते पुरं करा,
सहीचं मग बघू."
तो म्हणाला, फॉर्म आहे त्याला. दोन पानी.
"आण."

फॉर्म वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली.
खिडकी साडेचारला बंद होते.
कधी फोन केला होता व्हर्लीननं कुणास ठाऊक,
पण मागे वळून पाहिलं तर
डेनीशा होती, कडेवर पुलावरचं पोर,
तिच्यामागे लाँड्रीतल्या दोघी ओल्या हातांनी,
त्यांच्यामागे दार उघडं धरून उभी कुणीतरी,
मला चेहरा दिसला नाही.

पोरानं कीबोर्ड पुढं ओढला.
"मधल्या नावाचं स्पेलिंग?"
"कुठल्या मधल्या? दोन आहेत," ओझेला म्हणाल्या.
"सावकाश सांगते.
लिही."